हिरडीच्या रंगाचे पाय

माझी मावशी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, तोंडात बघून बोलते. हा उद्धटपणा नाही, धंदा आहे. ती कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे आणि टेबलावरच्या फळ्यांवर अर्ध्या गावाची तोंडं मांडून ठेवलेली आहेत. कुणाचा वरचा जबडा, कुणाचा खालचा, सगळे प्लास्टरचे, सगळे आ वासून. तुम्ही तिला विचारा, "मावशी, कशी आहेस?" ती म्हणणार, "बरी आहे गं. तुझी अक्कलदाढ आली वाटतं, गाल सांगतोय."

या धंद्याचा एक अलिखित कायदा आहे आणि मावशी तो देवाच्या नियमासारखा पाळते. बाहेर कुठेही आपलं काम दिसलं तरी ओळख द्यायची नाही. समारंभात एखादी बाई खळखळून हसते, सगळे म्हणतात, काय सुंदर दात आहेत हो तुमचे, आणि आमची मावशी एकदम खाली बघते. स्वतःच्या चपलांकडे, अगदी लाजल्यासारखी. तिच्या त्या खाली बघण्यावरून आम्हा घरच्यांना बरोबर कळतं की समोरच्या बाईचे दात आमच्या घरून गेलेले आहेत. आई म्हणते, "तू खाली बघू नकोस गं, त्यानेच फुटतं बिंग." पण मावशीला ते जमत नाही. पोटच्या पोराचं कौतुक चाललंय आणि आपण आई आहोत हे सांगायचं नाही, म्हटल्यावर नजर कुठेतरी ठेवावीच लागते.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एसी दुरुस्त करतात. त्यांच्या मते जगात एकच बिघाड आहे, गॅस जाणे. एसी थंड करत नाही, गॅस गेलाय. शेजारचे आजोबा जिन्यात दमले, गॅस गेलाय. मी परीक्षेत आपटले तेव्हा सगळं घर सुतकात होतं आणि काका म्हणाले, "काही नाही, गॅस भरावा लागेल." उन्हाळा जितका भाजेल तितकं त्यांचं दुकान चालतं, त्यामुळे जग तापतंय ही बातमी आमच्या घरात दोन तऱ्हांनी वाचली जाते. काका ती मोठ्याने वाचतात. मावशी वाचत नाही, गिळते.

हे गिळणं सुरू कसं झालं ते सांगायला हवं. मावशीच्या टेबलासमोर खिडकी आहे आणि खिडकीबाहेर एक तळं. तळं म्हणजे आपलं म्हणायचं. चार म्हशी बसल्या तर पाचवीने उभं राहावं एवढंच. पण त्यात एक बगळा यायचा. मावशी सकाळी पॉलिशचं मशीन सुरू करायची तेव्हा तो हजर, संध्याकाळी ती ॲप्रन काढायची तेव्हा तो जायचा. दोघंही दिवसभर एका जागी, दोघंही मान खाली घालून, दोघांनाही बोलायची सवय नाही. कवळीला चकाकी देताना हाताला डोळ्यांची गरज नसते, बोटांना कळतं. म्हणून डोळे बगळ्याकडे. अशी त्यांची कित्येक वर्षांची नोकरी चालली होती.

मग पलीकडच्या जुन्या इमारती पाडल्या आणि त्यांचा सगळा राडारोडा या तळ्याच्या काठावर येऊन पडायला लागला. त्यामागोमाग पाटी आली: इथे वाहनतळ होणार. बगळ्याने पाटी वाचली असावी, कारण दुसऱ्या आठवड्यात तो गेला.

मावशीने फोनला विचारलं, बगळे का जातात. इथेच चुकलं. फोनला असला प्रश्न एकदा विचारलात की तो तुमचा पिच्छा सोडत नाही. बगळ्यांवरून तो मधमाश्यांवर गेला, मधमाश्यांवरून बर्फावर, बर्फावरून एका हडकुळ्या अस्वलावर, आणि ते अस्वल मावशीच्या डोक्यात शिरून बसलं. ती दिवे बंद करायला लागली. चांगली गोष्ट आहे, पण खोलीत माणसं बसलेली असताना. आम्ही जेवायला गेलो की दोन घास उजेडात आणि बाकीचे अंदाजाने. काका अंधारातून म्हणायचे, "अगं, निदान पाणी कुठल्या ग्लासात आहे तेवढं दिसू दे." घरातला एसी तिने कायमचा बंद केला. काका घाम पुसत म्हणायचे, "गिऱ्हाइकांना कळू देऊ नका म्हणजे झालं. मिठाईवाल्याच्या घरी साखर बंद असल्यासारखं वाटतंय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मावशी झोपेत दात खायला लागली. काकांना पहिल्यांदा वाटलं कॉम्प्रेसर जाम झाला. ते बिचारे उठून एसी बघून आले, तो तर बंद. आवाज बायकोच्या तोंडातून येत होता.

आता दवाखान्यातले डॉक्टर. या माणसाने जन्मभर अशाच लोकांशी गप्पा मारल्या आहेत ज्यांच्या तोंडात दोन आरसे, एक नळी आणि कापसाचे बोळे आहेत. त्यामुळे उत्तराची वाट बघायची सवयच त्यांना नाही. प्रश्न तेच विचारतात, उत्तर तेच देतात आणि खूशही तेच होतात. "मोठा आ करा. काय म्हणता बाई, झोप कशी आहे, नाही लागत, हं, नाही लागत. काळजी करता का, करता, दिसतंयच. अरे वा, झिजवले की सगळे." मग आरसा काढून म्हणाले, "असंच चाललं ना, तर लवकरच तुमचं माप तुम्हालाच घ्यावं लागेल."

मावशी घाबरली. चार लोकांचे दात करणारी बाई, तिच्या स्वतःच्या तोंडात मात्र देवाने दिलेले सगळे शाबूत होते आणि त्याचा तिला केवढा अभिमान. "काय करू मग?" ती म्हणाली.

"मन रमवा. कला, छंद. आता ते निसर्गकला म्हणून निघालंय ना, माझी मेहुणी जाते. एकदम शांत झाली आहे. आधी फार बोलायची, आता फार बोलत नाही, फक्त उसासे टाकते. जाल ना, जाल, छान."

तर मावशी निसर्गकलेच्या शिबिराला गेली आणि आईने सोबत म्हणून मला पाठवलं. हॉलमध्ये चटया, चटयांवर चाळीसेक चिंताग्रस्त माणसं आणि पुढे एक मॅडम. मॅडमचा आवाज असा, की रेडिओचं बटण कुणीतरी अर्ध्यावर सोडून गेलंय. प्रत्येक वाक्याच्या मध्ये त्या श्वास घ्यायच्या आणि तो आपल्यालाही ऐकवायच्या. "आता... डोळे मिटा... आणि स्वतःला... एक पान समजा."

मावशीने डोळे न मिटता हात वर केला. "कुठलं? कोवळं की गळायला आलेलं?"

"जे... तुम्हाला... वाटेल ते."

"मला गळायला आलेलं वाटतंय," मावशी म्हणाली आणि शेजारच्या चटईवरचे गृहस्थ म्हणाले, "मलाही," आणि मग हॉलभर सगळी गळायला आलेलीच पानं निघाली.

मॅडमनी पुढचा टप्पा घेतला. बाहेर जा, निसर्गाकडून एक छोटीशी भेट घेऊन या, त्यातून आपण पृथ्वीचं दुःख चिकटवूया. चिकटवूया म्हणजे मोठ्या पुठ्ठ्यावर, डिंकाने. आता हॉलच्या आवारात झाड होतं एक. चाळीस माणसं त्याच्याकडून भेट घ्यायला गेली. आधी हळुवार, मग पृथ्वीच्या कपाळासाठी पानं कमी पडायला लागली तशी जरा ओढून. एका काकूंना पृथ्वीच्या अश्रूंसाठी कळ्या हव्या होत्या, त्यांच्यासाठी दोघांनी फांदी वाकवून धरली. पुठ्ठ्यावर पृथ्वी फार करुण झाली, सगळ्यांनी फोटो काढले. बाहेर झाड उभं होतं, सगळे दात काढून झाल्यावर माणूस दवाखान्याच्या आरशात बघतो ना, तसं.

घरी येताना मावशी म्हणाली, "पोरी, आपण ते झाड बोळकं केलं गं." त्या आठवड्यात काकांनी कापसाचे बोळे कानात घालून झोपायला सुरुवात केली.

कला या शब्दाचा तिला रागच आला. पण हात स्वस्थ बसेनात. एका दुपारी काम कमी होतं, प्लास्टर जरा जास्त कालवलं गेलं होतं, ते वाया घालवणं तिच्या जिवावर आलं. समोरची खिडकी रिकामी. तिने प्लास्टर थापायला घेतलं. आधी म्हणे नुसता गोळाच होता, मग त्याला मान आली, मान आल्यावर शरीराने ऐकलं. मेणाचे पातळ पापुद्रे करून पिसं बसवली, तशीच जशी ती हिरडीची कड बसवते, सुरी गरम करून, ओढून, फुंकर मारून. वरून दातांचा पांढरा. त्याच्यातही छटा असतात, तरुण माणसाचा पांढरा वेगळा, चहा पिणाऱ्याचा वेगळा. मावशीने बगळ्याला चहा न पिणाऱ्याचा दिला.

अडलं ते पायांपाशी आणि चोचीपाशी. खोलीत रंग दोनच, दाताचा पांढरा आणि हिरडीचा गुलाबी. तिने पाय आणि चोच हिरडीच्या मालात केली आणि मशीनवर अशी चकाकी दिली की कायम ओली दिसावीत. गुडघा कुठल्या बाजूला वळतो हे मात्र तिला आठवेना. इतकी वर्षं बघत होती, पण मानेकडे. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "उभा राहिला म्हणजे बस झालं," आणि पायात घालायला एसीची तांब्याची नळी दिली. गुडघा मग माणसासारखा पुढे वळला.

बगळा तळ्यात रोवायचं काम काकांकडे. ते पँट वर करून चिखलात उतरले आणि मावशी खिडकीतून सूचना देत होती, त्याच सूचना ज्या ती आयुष्यभर पेशंटला देत आली आहे. "जरा आत दाबा. आता सोडा. डाव्या बाजूला उंच वाटतंय का? टोचतंय का कुठे?"

"मला टोचतंय," काका म्हणाले. "खाली काच आहे."

आणि मावशीचा आवाज थांबला. म्हणजे दातांचा. मान वर केली की तो उभा, परत मान खाली, कामाला लागायचं. तो खोटा आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही, तिनेच त्याला पोटातून पोकळ ठेवला होता. पण कवळी खोटी आहे हे तोंडालाही माहीत असतं, म्हणून माणूस चावायचं सोडतो का? उलट मावशीला नवीनच व्याप लागला. आपलं काम घाणीत उभं आहे हे तिला बघवेना. घरी जाताना ती त्या बाजूने जायला लागली आणि हाताला लागतील त्या पिशव्या, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे काढून न्यायला लागली. काका म्हणायचे, "तू बगळा बसवलास की झाडूवाली?" ती म्हणायची, "त्याच्या पायाला चिकटतं हो ते."

इथवर सगळं घरात होतं. मग दुर्बीण आली.

दुर्बीण म्हणजे एक निवृत्त साहेब. कुठल्याशा बँकेत मोठे होते, आता निसर्गरक्षक मंडळाचे अध्यक्ष आहेत. मंडळात सकाळी फिरायला येणारे सगळे आपोआप सभासद होतात, पळून गेलं तरच सुटका. गळ्यात दुर्बीण इतकी कायमची की लोक त्यांना त्याच नावाने ओळखतात. बोलण्याची सुरुवात "मी सांगतो" अशी, शेवटही "मी सांगतो" असा, आणि मध्ये जे असतं ते त्यांनी नुकतंच ठरवलेलं असतं. आणि "सांगतो" मधल्या 'स'ला एक बारीक शिटी वाजते. त्या शिटीचं कारण फक्त तीन माणसांना माहीत होतं: डॉक्टरांना, मावशीला आणि स्वतः साहेबांना. त्यांच्या वरच्या कवळीत पुढच्या दोन दातांमध्ये केसभर फट राहिली होती. मावशीला ती फट कित्येक दिवस सलत होती, पण साहेब ती बुजवायला परत आलेच नाहीत. एकदा आत गेलेली वस्तू बाहेर काढून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तर साहेब पलीकडच्या काठावर उभे. अलीकडे राडारोडा, मधे चिखल, त्यामुळे सगळं बघणं लांबून. त्यांनी दुर्बीण लावली आणि हात वर केला. "हलू नका कुणी. मी सांगतो. पाय बघा. गुलाबी."

सभासदांनी पाय बघितले.

"आणि गुडघा पुढे वळलाय," एक सभासद म्हणाले.

"तेच मी सांगतो." साहेबांनी पिशवीतून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक काढलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटलं आणि फटकन मिटलं. "पुस्तकात नाही. पुस्तकात नाही म्हणजे किती दुर्मिळ असेल याची कल्पना करा."

पेपरात बातमी आली. फोटो नव्हता, नुसता मजकूर. हवामान बदलामुळे वाट चुकून एक अत्यंत दुर्मिळ पाहुणा आपल्या तळ्यावर आला आहे. धक्क्यामुळे तो निश्चल असून त्याने कित्येक दिवस अन्नाला स्पर्श केलेला नाही.

मावशीने ती बातमी चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला. "अहो, ऐकलंत का. बिचारा कुठून कुठे आला असेल. खातही नाहीये म्हणे."

"कुठलं तळं?" काकांनी विचारलं.

"लिहिलं नाही. असेल कुठलं तरी. बघा ना, घरदार वितळलं असेल त्याचं."

आणि दात पुन्हा सुरू. ज्या पक्ष्याला बघून ती झोपायला लागली होती त्याच पक्ष्याच्या काळजीने तिची झोप उडाली, आणि तिला पत्ता नाही. दवाखान्यात ती खिडकीतून त्याच्याकडे बघून म्हणाली पण, "तू तरी बरा आहेस रे बाबा."

पुढच्या दिवशी फोटो आला. मावशीने पेपर लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. "अहो. हा माझा आहे."

काका पेपर हातात घेऊन जे हसायला लागले ते जमिनीवर बसूनच थांबले. "खातही नाहीये म्हणे," ते डोळे पुसत म्हणाले. "कसं खाईल? आतून नळी आहे."

त्यानंतर तळ्यावर गर्दीच गर्दी. शिबिराच्या मॅडम आपला वर्ग घेऊन आल्या आणि चाळीस माणसांना पलीकडच्या काठावर एका पायावर उभं केलं. "त्याची... निश्चलता... आत घ्या." आत घेता घेता एकजण चिखलात गेला. साहेबांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. पक्षी खात नाही, कारण पाणी घाण आहे, मी सांगतो. मग सगळे हातमोजे घालून उतरले. राडारोडा गाड्या भरभरून हलला, गाळ निघाला, गटाराचं तोंड वळवलं. ज्यांनी आपल्या घराचा कचरा तिथेच फेकला होता त्यांनीच तो नाकाला रुमाल लावून उचलला आणि उचलताना "लोकांना काही लाजच नाही" असंही म्हटलं. पाण्यात मासे सोडले. पालिकेच्या कार्यालयातून अधिकारी आले, त्यांनी वाहनतळाची पाटी काढली आणि दुसरी लावली: दुर्मिळ पक्ष्याचा निवास, गोंगाट करू नये.

मावशीची पंचाईत अशी झाली की तिला याचा आनंद होत होता आणि लाजही वाटत होती. एवढ्या लोकांना आपण फसवतोय. "मी सांगून टाकते," ती काकांना म्हणाली.

"काय सांगतेस?"

"की तो प्लास्टरचा आहे."

"आणि मग? उद्या परत वाहनतळ. तुझा तो खरा बगळा यायचा असेल तर येईल का गाड्यांच्या टपावर?" काका पक्कडीने काहीतरी पिळत होते, ते त्यांनी खाली ठेवलं. "अगं, इतकी वर्षं लोक तुझे दात लावून हसतायत. एकाने तरी गळ्यात पाटी अडकवली का, हे माझे नाहीत म्हणून? तू तरी कधी सांगितलंस का कुणाचं?"

धंद्याचा कायदा आड आला. त्या रात्री ती जेवताना दिवा बंद करायला विसरली, त्यावरून कळलं की ती फारच विचारात आहे.

आणि मग तो आला. खरा.

सुट्टीचा दिवस होता, पण मावशीची एक कवळी अर्धी राहिली होती म्हणून आम्ही दवाखान्यात होतो. पलीकडच्या काठावर मंडळाची सकाळची हजेरी. एक पांढरं काहीतरी खाली उतरलं, पाय लांब सोडून, पंख मिटवत, आणि प्लास्टरच्या बगळ्याच्या शेजारी हातभर अंतरावर उभं राहिलं. मावशीच्या हातातली गरम सुरी तशीच राहिली. मेण वितळून टेबलावर ओघळलं. "आला," ती म्हणाली, एवढंच. मग ते दोघं, एक तिने केलेला आणि एक न केलेला, पाण्यात बघत उभे राहिले. खऱ्याने मासा टिपला.

पलीकडून शिटी ऐकू आली. "हुसकावा त्याला. साधा बगळा आहे, मी सांगतो. पाहुण्याचे मासे खातोय."

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. बगळा उडाला, एक घिरटी घालून परत तिथेच उतरला. कुणीतरी छत्री उघडझाप केली. तो दोन पावलं सरकला. मग एक खडा आला, त्याच्या पायाशी पाणी उडालं. "जपून," साहेब ओरडले, "पाहुण्याला लागेल."

मावशी उठली. ॲप्रन तसाच, केसांत प्लास्टर, चप्पल एकच पायात कारण दुसरी टेबलाखाली कुठेतरी. मी मागे पळाले. मागच्या दाराने बाहेर, पाटीच्या शेजारून थेट पाण्यात. आता गाळ निघाला होता, काच निघाली होती, मंडळाच्या कृपेने चालायला अगदी सोयीचं झालं होतं.

"ताई, अहो ताई, पुढे जाऊ नका," साहेबांनी दुर्बिणीतून तिला बघत हाक मारली. ती वीस पावलांवर होती, पण त्यांची सवय. "तो बुजेल."

"तो बुजत नाही," मावशी म्हणाली.

खरा बगळा तेवढ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मावशीने दुर्मिळ पाहुण्याची मान धरली, डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला, जशी ती साच्यातून कवळी सुटी करते, आणि एका झटक्यात वर काढला. पचक असा आवाज झाला. तांब्याच्या नळीवरून चिखल ठिबकत होता. तो काखेत मारून ती पलीकडच्या काठावर चढली.

मंडळातल्या एका काकूंनी हळूच विचारलं, "गेला का हो?"

"होता कधी?" मावशी म्हणाली. "हा माझा. मी केलाय. मला करमेना म्हणून. आणि तुम्ही दगड मारताय तो खरा आहे. त्याच्यासाठीच केला होता हा. आता मारा त्याला, मारायचा तर."

खडा मारणाऱ्याने हात खिशात घातले. छत्री मिटली गेली. साहेब म्हणाले, "मी...", आणि वाक्य प्रथमच तिथे थांबलं. मावशीने बगळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. त्यांचा अंगठा त्या गुलाबी, गुळगुळीत, चकाकणाऱ्या पायावरून वर गेला आणि खाली आला. परत वर. मग त्यांच्या गालात जीभ फिरायला लागली. आतून, वरच्या टाळूवरून. अंगठा आणि जीभ एकाच वस्तूवरून चालली होती आणि दोघांचीही खात्री पटत चालली होती.

साहेबांनी मावशीकडे बघितलं.

मावशीने एकदम खाली बघितलं. स्वतःच्या पायांकडे, एका चपलेकडे.

मला हसू दाबायला तोंडात दुपट्टा कोंबावा लागला.

"कशाचा आहे हो हा?" मागून कुणीतरी विचारलं.

"प्लास्टरचा," मावशी खाली बघतच म्हणाली.

"आणि पाय? पाय कशाचे आहेत? काय मस्त चकाकी आहे."

साहेबांची मान आखडली. दुर्बीण छातीवर वरखाली व्हायला लागली.

"रंग दिलाय," मावशी म्हणाली. "बाजारात मिळतो."

पेपरात दोन दिवसांनी चार ओळी आल्या, दुर्मिळ पाहुणा परतीच्या प्रवासाला निघाला. कुणी कळवलं ते विचारायला नको. बाकी मंडळ पांगलं. कुणाला गुडघ्यांचा त्रास सुरू झाला, कुणाला मुलीकडे जायचं निघालं. शिबिराच्या मॅडमनी आपला वर्ग दुसऱ्या एका झाडाकडे नेला, त्या झाडाचं काय झालं असेल देव जाणे. पण पाटी राहिली. ती काढायची तर कार्यालयाला लेखी हवं होतं की पक्षी गेला, आणि लिहून द्यायचा अधिकार मंडळाच्या अध्यक्षांचा. कार्यालयाचा माणूस साहेबांकडे कागद घेऊन दोनदा आला. "पक्षी आहे," साहेब म्हणाले. "तो बघा तिकडे उभा आहे. पाय काळे असले म्हणून काय झालं? मी सांगतो, सही करणार नाही."

नंतर एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते मागच्या दाराशी आले, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. मावशीने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रुमाल आत गेला, मशीन घुर्र झालं, रुमाल बाहेर आला. तेव्हापासून त्यांच्या 'सांगतो'ला शिटी नाही. मला जरा वाईट वाटतं, नकलेतली मजा गेली. मी अजून शिटीसकटच करते.

गुलाबी पायांचा बगळा आता काकांच्या दुकानावर आहे, एसीच्या बाहेरच्या डब्यावर उभा. कबुतरं त्याच्या डोक्यावर बसतात आणि जे करायचं ते करतात. मावशी अजून घरात दिवे बंद करते, फक्त आता आधी विचारते, कुणी बसलंय का. अस्वलाचीही ती अजून चौकशी करते. डॉक्टरांनी परवा तिला खुर्चीत बसवलं. "आ करा. थांबलं का, थांबलं, छान. कशाने थांबलं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा ते उत्तरासाठी थांबले, पण तोंडात आरसा होता.

मी मावशीला विचारलं, खरा रोज समोर उभा असतो, आता तरी खूश ना?

तिने मशीन थांबवलं. खिडकीतून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, तोंडात बघते तसं.

"बरा आहे," ती म्हणाली. "पण गुडघा उलटा बसवलाय गं त्याचा. आणि पायांना चकाकी नाही."

आणि परत मशीन सुरू केलं.